कुलूपबंद घरांचा हिशेब कोण ठेवणार?

रत्नागिरी तालुक्यातील खाडीकाठच्या कोणत्याही गावात जा. रंगरंगोटी केलेली, स्लॅबची, दुमजली घरे दिसतील आणि त्यांतल्या बऱ्याच घरांच्या दाराला कुलूप दिसेल. मालक कुवेत, दुबई, मस्कत किंवा दोह्याला. मुले तिकडच्याच शाळेत. वर्षातून एकदा महिनाभर घर उघडते, लग्नकार्य उरकते, पुन्हा कुलूप. कोकणी मुसलमानांना परदेश नवा नाही. जहाजावरची नोकरी झाली, दक्षिण आफ्रिका आणि पूर्व आफ्रिका झाली आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यानंतर आखाताची वाट रुंद झाली. त्या कमाईतून पहिली कोणती गोष्ट उभी राहिली असेल तर ती गावातले घर.

घर उभे करताना आपण विटेविटेचा हिशेब ठेवतो. घर उभे राहिले की मात्र त्याचा हिशेब भावावर, मेव्हण्यावर किंवा शेजाऱ्यावर टाकून विमान पकडतो. माझे म्हणणे एवढेच आहे की घर बंद असले तरी त्याचा हिशेब बंद नसतो. तो मालकाने स्वतः केला नाही, तर त्याची किंमत भाऊ, बहीण आणि भाडेकरू दुकानदार मोजतात. हे पान वाचणाऱ्यांत असे भाडेकरू पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

वह्या तीन, एक नव्हे

घोटाळ्याचे मूळ असे की आपण सगळ्याला मिळून "घराचा टॅक्स" म्हणतो. प्रत्यक्षात वह्या तीन आहेत. पहिली घरपट्टीची, ती ग्रामपंचायत किंवा नगर परिषद घेते. दुसरी आयकराची, ती केंद्र सरकारची, घराच्या उत्पन्नावर. तिसरी भाड्यातून कापायच्या कराची, म्हणजे टीडीएसची. ती भाडेकरूने सांभाळायची. एका वहीतली रक्कम भरली म्हणून दुसरी मिटत नाही. "आम्ही घरपट्टी दरवर्षी भरतो, आता आणखी कसला टॅक्स?" हा प्रश्न या गोंधळातूनच येतो.

घरपट्टी कशी निघते?

आधी गावाचे पाहू. ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर ग्रामपंचायती भांडवली मूल्यावर घरपट्टी आकारतात. जागेचे मूल्य सरकारी रेडी रेकनरच्या दराने धरायचे. बांधकामाचे मूल्य क्षेत्रफळाला सरकारी बांधकाम दराने गुणून काढायचे आणि घर जितके जुने तितका घसारा वजा करायचा. दोन्हींची बेरीज करून ती वापराच्या भारांकाने गुणायची. राहत्या घराला भारांक १, दुकान किंवा कारखान्याला त्याहून जास्त. आलेल्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे ठरलेल्या पैशांप्रमाणे कर.

रीत समजावी म्हणून काही आकडे धरून चालू. जागेचे मूल्य १,४०,००० रुपये. बांधकाम ९३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे हजार चौरस फूट. बांधकाम दर चौरस मीटरला २०,००० रुपये आणि घसारा जाऊन उरलेले मूल्य ९० टक्के. बांधकामाचे मूल्य १६,७४,००० रुपये झाले, एकूण १८,१४,०००. भारांक १ आणि दर हजारी १ रुपया २० पैसे धरला, तर घरपट्टी २,१७६ रुपये ८० पैसे. आपल्या गावचे दर वेगळे असतील, पण गुणाकार हाच.

हेच घर वहीत नवे कोरे म्हणून नोंदले गेले आणि घसारा धरलाच नाही, तर मूल्य २०,००,००० आणि घरपट्टी २,४०० रुपये होते. फरक लहान दिसतो, पण नोंद तशीच राहिली तर दरवर्षी जातो. तळमजल्यावर एकदा दुकान होते आणि ते बंद होऊन दहा वर्षे झाली, तरी वहीत वापर व्यापारीच असेल तर भारांक चढाच लागतो. जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे जुने घर आणि सिमेंट-सळईचे नवे घर यांचे दरही वेगळे असतात. म्हणून ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे असेसमेंटचा उतारा काढा आणि त्यात चार गोष्टी पाहा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर. कापडाच्या धंद्यात आम्ही ठाण घेताना आधी गज लावतो, मग भाव बोलतो. इथेही आधी माप बघावे, मग रकमेवर वाद घालावा.

शहरातली पद्धत वेगळी. नगर परिषदेच्या १९६५ च्या कायद्यात भाडेमूल्याची रीत आहे. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते धरायचे, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरलेल्या करयोग्य मूल्यावर टक्केवारीने कर. समजा वाजवी भाडे महिना ४,००० रुपये धरले. वर्षाचे ४८,०००, त्यातून ४,८०० वजा, करयोग्य मूल्य ४३,२००. सर्व कर मिळून दर २५ टक्के धरला तर १०,८०० रुपये. मुदतीत भरले नाही तर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे महिन्याला २१६ आणि वर्षाला २,५९२ रुपये. चार वर्षे कुलूप लावून बसलेल्या मालकाने हा गुणाकार स्वतःच करून पाहावा.

फेरआकारणीची यादी लागते तेव्हा हरकत घेण्यासाठी मुदत असते. ती संपल्यावर कुवेतहून फोन करून काही होत नाही. बंद दाराला चिकटवलेली नोटीस पावसाळ्यात भिजून जाते, पण कायद्याच्या दृष्टीने ती बजावलेली असते.

"आम्ही राहतच नाही, मग कर कशाचा?"

हा प्रश्न मला दुकानात अनेक गिऱ्हाइकांनी विचारला आहे. वरवर पाहता तो रास्त वाटतो. पण घरपट्टी इमारतीवर आहे, राहणाऱ्यावर नाही. गावचा रस्ता, गटार, दिवाबत्ती तुमच्या दारावरून जाते म्हणूनच त्या घराला किंमत आहे. पाणी वापरत नसाल तर नळजोडणी रीतसर बंद करण्याचा अर्ज करा. ती वेगळी पट्टी आहे. दुबईत भाड्याच्या वार्षिक रकमेच्या ५ टक्के हाउसिंग फी वीज-पाण्याच्या बिलातून महिन्याच्या महिन्याला जाते आणि आपला माणूस ती निमूट भरतो. तिथे भरायला हात आखडत नाही, मग इथे का आखडावा?

बाहेरच्या मालकाला कर लावण्यात काही देश याहून पुढे गेले आहेत. स्पेनमध्ये परदेशी मालकाने घर रिकामे ठेवले तरी त्या घरातून त्याला उत्पन्न झाले असे मानले जाते. सरकारी नोंदीतल्या मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के रक्कम उत्पन्न धरतात आणि युरोपीय संघाबाहेरच्या मालकाकडून त्यावर २४ टक्के कर घेतात. घराचे नोंदमूल्य १,००,००० युरो असेल तर १.१ टक्क्याने उत्पन्न १,१०० युरो आणि कर २६४ युरो. शिवाय तिथल्या नगरपालिकेची पट्टी वेगळी. आपल्याकडे असे काही नाही असे वाटत असेल, तर पुढचा भाग नीट वाचावा.

न मिळालेल्या भाड्यावर आयकर

आपल्या आयकर कायद्यातही मानलेले भाडे आहे. माणसाला स्वतःच्या राहण्यासाठी म्हणून दोन घरांपर्यंत उत्पन्न शून्य दाखवता येते, मग तो त्यात राहत असो वा कामधंद्यामुळे बाहेर असो. तिसरे घर असेल आणि ते रिकामे असेल, तरी ते भाड्याने दिले आहे असे धरून वाजवी भाडे उत्पन्नात मिळवावे लागते.

आपल्याकडे तीन घरे हा श्रीमंतीचा मामला नाही. मुंब्र्याला एक फ्लॅट मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला, रत्नागिरी शहरात एक म्हातारपणासाठी आणि गावात एक बंगला. झाली तीन. यातले कोणते घर भाड्याचे मानायचे हे मालक निवडू शकतो, म्हणून सर्वात कमी भाडे येणारे निवडावे. समजा गावच्या घराचे वाजवी भाडे महिना ३,०००, वर्षाचे ३६,०००. भरलेली घरपट्टी २,२०० वजा केली, राहिले ३३,८००. त्यातून दुरुस्तीपोटी ठोक ३० टक्के, म्हणजे १०,१४० वजा. उत्पन्न २३,६६०. भारतात दुसरे उत्पन्न नसेल तर यावर काही कर नाही. पण भारतातले इतर उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह ७,३८२ रुपये कर होतो.

घरपट्टीची वजावट ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली त्याच वर्षी मिळते आणि मालकाने भरली असेल तरच मिळते. भाडेकरूने परस्पर भरली किंवा पावतीच सापडत नाही, तर वजावट गेली. म्हणून घरपट्टीच्या पावतीला रद्दी समजू नये.

आखातात आयकर नाही म्हणून इथेही नाही, हा समज चुकीचा आहे. अमिरात, कुवेत, सौदी अरेबिया, ओमान, कतार या देशांशी भारताचे करार आहेत आणि स्थावर मिळकत जिथे आहे त्या देशाला तिच्या उत्पन्नावर कर घेता येतो. दुसरा गैरसमज बारा लाखांचा. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून बारा लाखांपर्यंत कर नाही हे खरे, पण ती सूट भारतात निवासी असणाऱ्यालाच आहे. परदेशस्थ मालकाला नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंतच शून्य. त्यावर ५ टक्क्यांपासून कर सुरू होतो. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्याची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. घरभाड्याच्या हिशेबाची चौकट त्यातही तीच ठेवली आहे.

भाडेकरू दुकानदारांनी लक्ष द्यावे

आता तिसरी वही. गाळ्याचा मालक निवासी असेल तर दरमहा ५०,००० रुपये भाड्यापर्यंत कापाकापीची कटकट नाही. मालक परदेशस्थ असेल तर अशी मर्यादाच नाही. महिना ३,००० भाडे असले तरी भाडेकरूने कर कापून भरायचा. दर ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के. त्यासाठी भाडेकरूने टॅन नंबर काढायचा, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत रक्कम भरायची आणि दर तिमाहीला विवरणपत्र द्यायचे. कापलेच नाही तर दरमहा १ टक्का व्याज. कापून भरले नाही तर दीड टक्का. शिवाय भाड्याचा खर्चच नामंजूर होऊन तेवढा नफा वाढलेला दिसू शकतो. मालक कुवेतमध्ये बसलेला; नोटीस दुकानदाराच्या हातात.

प्रत्यक्षात काय चालते? भाडे दर महिन्याला मालकाचा भाऊ रोखीने घेऊन जातो. पावती नाही, करारावर मालकाचा गावचा पत्ता, आणि मालक परदेशस्थ आहे हे भाडेकरूला ठाऊक असूनही कागदावर कुठेच नाही. बिरादरीचा मामला, तोंडदेखलेपणा, म्हणून कोणी बोलत नाही. व्यापारी बंधूंनी हे बोलायला शिकले पाहिजे. करार करतानाच मालकाचा निवासी दर्जा आणि पॅन नंबर विचारा. भाडे त्याच्या एनआरओ खात्यात बँकेतूनच द्या. भाऊ भाडे घेणार असेल तर मुखत्यारपत्राची प्रत मागा. यात कोणाचा अपमान नाही. उलट संबंध टिकतात.

मालकाचेही यात नुकसान आहे. महिना १५,००० भाड्याचा गाळा घ्या. वर्षाचे १,८०,०००. घरपट्टी ६,००० वजा, राहिले १,७४,०००. त्यावर ३० टक्के, म्हणजे ५२,२०० वजा. उत्पन्न १,२१,८००. दुसरे उत्पन्न नसेल तर कर शून्य. पण भाडेकरूने पूर्ण भाड्यावर ३१.२ टक्क्यांनी कापले तर ५६,१६० रुपये सरकारजमा होतात. ते परत हवे असतील तर आयकर विवरणपत्र भरावेच लागते आणि परदेशस्थाला त्यासाठी सर्वात सोपा, एक नंबरचा फॉर्म चालत नाही. विवरणपत्र भरले नाही तर स्वतःचेच छप्पन्न हजार सोडून दिले. यावर उपाय आहे. मालकाने वर्ष सुरू होताच आयकर खात्याकडे कमी दराच्या किंवा शून्य कपातीच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा. दाखला भाडेकरूच्या हातात पडला की त्याप्रमाणे कपात होते आणि दोघांचाही जीव हलका होतो.

नाव आजोबांचे, भाडे थोरल्याचे

सर्वात नाजूक गोष्ट वारशाची. अनेक घरांच्या उताऱ्यावर अजून मरहूम आजोबांचे नाव आहे. घरपट्टी भरणारा भाऊ पुढे म्हणतो, "पावत्या माझ्या, घर माझे." हे खरे नव्हे. घरपट्टीची नोंद कर वसुलीसाठी असते, ती मालकीचा पुरावा नसते. पण नोंद वेळेवर न बदलल्याने भांडणाला जागा मिळते.

आपल्या वारसा कायद्यात हिस्से ठरलेले आहेत आणि हिस्से ठरलेले असले की आयकरही प्रत्येकाच्या हिश्श्यावर वेगळा मोजतात. आई-वडील दोघेही हयात नाहीत, मागे दोन भाऊ आणि एक बहीण असे समजा. हिस्से दोन, दोन आणि एक. भाडे वर्षाला १,८०,००० असेल तर भावांचे ७२,०००-७२,००० आणि बहिणीचे ३६,०००. भाऊ आखातात आणि बहीण रत्नागिरीत असेल तर कपात भावांच्या हिश्श्यावरच, प्रत्येकी २२,४६४ रुपये. बहिणीच्या हिश्श्यातून काही कापायचे नाही. सगळे भाडे थोरल्याच्या खात्यात गेले तर सगळे उत्पन्न त्याचेच दिसते, कपात ५६,१६० होते आणि बहिणीचा हिस्सा कागदावरून नाहीसा होतो. बहिणीचा हक्क ही अमानत आहे हे आपण तोंडाने म्हणतो. ती भाडेकरारात आणि बँकेच्या खात्यात दिसली पाहिजे.

काय व्हायला हवे?

मालकांनी दरवर्षी एप्रिलमध्ये एक तास काढावा. असेसमेंटचा उतारा आणि घरपट्टीची पावती मोबाइलवर मागवून घ्यावी, भाड्याचा हिशेब हिश्श्यांप्रमाणे लिहावा आणि भारतातले एकूण उत्पन्न ४ लाखांच्या आत आहे की बाहेर ते पाहावे. एकदा एखाद्या सीएचा सल्ला घ्यावा. त्याची फी वर सांगितलेल्या छप्पन्न हजारांपेक्षा खूप कमी असते.

ग्रामपंचायती आणि नगर परिषदांनीही बंद दाराला कागद चिकटवून मोकळे होऊ नये. मालकाचा परदेशातील फोन नंबर वहीत नोंदवून घ्यावा आणि मागणीचे बिल त्यावर पाठवावे. फेरआकारणीची यादी लागल्याची सूचनाही तशीच जावी. वसुली वाढेल आणि हरकतीचा हक्क खरा ठरेल.

आणि सरकारकडे मागणी एकच. निवासी मालकाच्या भाड्याला महिना ५०,००० पर्यंत मोकळीक आणि परदेशस्थाच्या पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के, हा न्याय नव्हे. लहान गाळ्याच्या भाडेकरूला टॅन, चलन आणि तिमाही विवरणपत्र झेपत नाही, म्हणून तो रोखीकडे वळतो आणि सरकारला त्यातून काहीच मिळत नाही. परदेशस्थ मालकाच्या लहान भाड्यालाही काही मर्यादेपर्यंत सूट द्यावी. व्यापारी संघटनांनी ही मागणी आपल्या खासदारांकडे नेली पाहिजे.

तोपर्यंत कायदा आहे तसा पाळावा लागेल. परदेशी घाम गाळून बांधलेली मिल्कत आहे. तिची किल्ली भावाकडे ठेवायला हरकत नाही. हिशेबाची वही मात्र मालकाने आपल्याकडेच ठेवावी.